तुला न ऐकू आलेला ब्रेक

मावशी, तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळे एकेक करून बोलले. काकांमागे तू दादाला एकटीने कसं वाढवलंस, तळोज्याच्या कंपनीत सत्तावीस वर्षं एकदाही बस कशी चुकवली नाहीस, कोणाच्या बाळंतपणाला तू कुठून कुठे धावून गेलीस. आईने मला कोपराने ढोसलं, दोन शब्द बोल म्हणाली. मी मान खाली घालून बसून राहिले. कोणाला नवल वाटलं नाही. तू तर मला लहानपणापासून ‘मुके’ अशीच हाक मारायचीस.

बोलण्यासारखं काही नव्हतं असं नाही. पण माझ्याकडे जे होतं ते तिथे सांगण्याजोगं नव्हतं. मला तुझ्या सायकलच्या ब्रेकबद्दल बोलायचं होतं. तुझ्यामाझ्यात जे काही बिघडलं ते त्या ब्रेकपासून, आणि ते मिटायच्या आधी तू गेलीस.

बॅटरीची ती सायकल दादाने पुण्याहून पाठवली तेव्हा तुझ्या बिल्डिंगमधल्या बायका हसल्या होत्या. साठीला आलेली बाई, गुडघे धरलेले, आणि सायकल. तू आठवड्यात सगळ्यांची तोंडं बंद केलीस. भाजीला सायकल, विहारात सायकल, आणि रोज सकाळी दहाला बोनकोड्यात हिराबाईकडे सायकल. हिराबाई तुझी कंपनीतली मैत्रीण. औषधाच्या बाटल्या भरायच्या लाइनवर तुम्ही दोघी समोरासमोर उभ्या असायच्या. दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, ऐकू येतं सगळं, शब्द फुटत नाही. तू जाऊन तिची वेणी घालतेस, एवढंच मला माहीत होतं. कोपरखैरण्यातल्या तुझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांचा रस्ता, पण तुझ्या गुडघ्यांना तो झेपायचा नाही, आणि एवढ्याशा अंतराला रिक्षावाला मान फिरवतो. त्या सायकलमुळे तुझी सकाळ परत आली होती.

होळीच्या सुमाराला ब्रेक बोलायला लागला. मी तो पहिल्यांदा आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून ऐकला. तू गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबलास आणि सावलीत झोपलेली कुत्री उठून उभी राहिली. मी खाली येऊन तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, “नवी गाडी हाय, थोडी कुरकुर करनारच.” आवाज थोडा नव्हता. तुमच्या सेक्रेटरीने तुला जिन्यात गाठून विचारलं, तांबेबाई, सकाळी सकाळी कोंबडी कापता काय? तू हसून म्हणालीस, “या ना, चहा घेऊन जा.” तो गोंधळून निघून गेला. मी तुझ्या मागच्या पायरीवर उभी होते. मला त्याच वेळी काहीतरी खटकलं. पण खटकलेलं मनात ठेवायची मला सवय आहे.

मग आपले रविवार सुरू झाले. नाल्याकडच्या मागच्या रस्त्यावर सकाळी टेम्पो नसतात. तू सायकल चालवायचीस, मी गुलमोहराखाली वही घेऊन उभी. तुझा नियम ठरलेला होता: आवाज कुठून येतो ते मागाहून, आधी तो कधी येतो ते लिही. ब्रेक दाबल्यावर की न दाबता. हळू असताना की वेगात. चाकाच्या एका फेऱ्यात एकदा की सतत. तू म्हणायचीस, मशीन कधी खोटं बोलत नाही, बघणारा घाई करतो.

पहिल्या रविवारी तू विचारलंस, कसा आवाज आला? मी शाळेतला इंग्रजी शब्द सांगितला. तू कपाळाला हात लावलास. कुरकुर का करकर, खरखर का किरकिर, नीट सांग म्हणालीस. मला यातला फरक माहीत नव्हता. तू मला एकेक करून दाखवलास. वाळूवर चप्पल घासून खरखर. स्वयंपाकघरातला जुना अडकित्ता आणून करकर. दोन दातांमध्ये खडा आल्यावर होते ती कचकच. मी पंचवीस वर्षांची, आणि तू मला बालवाडीतल्या पोरीसारखं आवाज ओळखायला शिकवत होतीस. मला तेव्हा कळलं नाही की तू हे सगळे आवाज आठवणीतून सांगत होतीस.

माझा आवाज मुळात बारीक, आणि तू रस्त्याच्या त्या टोकाला. मग तू मला हाताच्या खुणा शिकवल्यास. मुठीने तळहातावर घासलं की घासतंय. पाचही बोटं मिटली की थांब. आडवा पंजा स्थिर धरला की ठीक. लाइनवर बाटल्यांचा एवढा खणखणाट असायचा की कानाशी ओरडलं तरी समजायचं नाही, म्हणून तुम्ही सगळ्या जणी हातांनीच बोलायचात, असं तू सांगितलंस. मला गंमत वाटली. एरवी लोकांसमोर माझा हात वर होत नाही, आणि तिथे मी भर रस्त्यात हात हलवत उभी असायचे.

एकेक आवाज आपण काढत गेलो. सतत खरखर येत होती, कारण पॅड धरणारा कॅलिपर एका बाजूला सरकला होता. त्याचे दोन बोल्ट सैल केले, मी ब्रेक दाबून धरला, तू बोल्ट परत आवळलेस, खरखर गेली. मग एका फेऱ्यात एकदा बारीक ‘शुस्’ राहिलं. तू चाकामागे पांढरा कागद धरायला लावलास आणि डोळा बारीक करून चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क आणि तिला धरणारे पॅड यांमधली फट बघत राहिलीस. एका जागी डिस्क केसभर वाकलेली होती. तू स्वच्छ कागदात धरून ती अंगठ्याने अशी दाबलीस, की मला वाटलं आता मोडते. शुस् गेलं.

उरली ती किंकाळी. फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी, कुत्र्यांना उठवणारी. पॅड काढून बघितले तर काचेसारखे चकाकत होते. ते पॉलिश पेपरवर घासले, डिस्क स्पिरिटने पुसली, आणि आवाज बंद. तू दुसऱ्या दिवशी हिराबाईला सांगून आलीस, भाचीने ब्रेक नीट केला. पुढच्या रविवारी किंकाळी परत. परत घासलं, पुसलं, बंद. त्याच्या पुढच्या रविवारी परत. मी वही चाळली. सोमवार ते शनिवार शांत, आणि रविवार उजाडला की आवाज. तू म्हणालीस, पॅडच हलके दिलेत, दुकानदाराला धरते बघ.

मग एका शनिवारी संध्याकाळी मी आईचा डबा द्यायला तुझ्याकडे आले. तू पार्किंगमध्ये स्टुलावर बसली होतीस. हातात पिवळं फडकं, बाजूला शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. हँडल, आरे, सीटचा दांडा, सगळं तू चकचकीत पुसत होतीस. शेवटी दोन बोटांत फडकं धरून डिस्क पुसलीस, आतून आणि बाहेरून, चमक येईपर्यंत. शिफ्ट संपली की मशीन तेलाच्या फडक्याने पुसायचं आणि मगच बस पकडायची, ही तुझी सत्तावीस वर्षांची शिस्त. तुझ्या मशीनला कधी गंज चढला नाही, हे तू मला शंभरदा सांगितलं होतंस.

मला सगळं कळलं. तेच तेल पॅडमध्ये मुरत होतं. त्याच जागी म्हणायला हवं होतं, मावशी, डिस्कला तेल लावायचं नसतं. पाच शब्द. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस, म्हणालीस, “बग, कशी आरसा झालीय.” मी म्हणाले, छान.

मी का सांगितलं नाही, हे मी या दिवसांत पुष्कळ वेळा लिहून खोडलं आहे. तुला वाईट वाटेल, हे एक कारण. ज्या गोष्टीचा तुला सगळ्यात जास्त अभिमान, तीच चूक आहे हे तुला सांगायचं माझ्या जिभेवर आलं नाही. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. आवाज गेला असता तर आपले रविवार गेले असते. ऑफिसात मी दिवसभर वकिलांचे कागद तपासते, बेलापूरहून घरी येते, आणि दिवसात वीस वाक्यंसुद्धा बोलत नाही. रविवारी त्या रस्त्यावर माझ्या बोलण्याची कोणीतरी वाट बघत असायचं. तेलकट डिस्कवर ब्रेक नीट धरत नाही हे मला माहीत होतं. दर रविवारी आपण पुसतोच ना, असं मी स्वतःला समजावलं. तुझ्या जिवाशी खेळून मी माझे रविवार राखले, मावशी. हे मी दादालाही सांगितलेलं नाही.

मे महिन्यात एकदा मी स्कूटीवरून तुझ्या मागे येत होते. बोनकोड्याकडे वळायच्या आधी मागून एक टेम्पो आला. त्याने हॉर्न दिला. परत दिला. तिसऱ्यांदा तो हॉर्नवर हात ठेवूनच बसला. तू रस्त्याच्या मधून आरामात चालली होतीस, पदर खोचलेला, पाठ ताठ. तो शेवटच्या क्षणी वळला आणि तुझ्या हँडलजवळून गेला. तू सायकल बाजूला घेतलीस, घाम पुसलास आणि मला म्हणालीस, मेल्यानं हॉर्नसुद्धा दिला नाही.

सेक्रेटरीचं कोंबडीचं बोलणं, मी सांगितलेले आवाज, तुझ्या खुणा, सगळं एका ओळीत आलं. तुझ्या कानांत फक्त जाडे आवाज उरले होते. वरच्या पट्टीतलं काही तुझ्यापर्यंत पोचत नव्हतं. आपण दोन महिने ज्या किंकाळीच्या मागे लागलो होतो, ती तू एकदाही ऐकली नव्हतीस. तू माझ्या कानांवर विश्वास ठेवून स्पॅनर फिरवत होतीस.

त्याच आठवड्यात दादा तीन दिवसांसाठी आला. रविवारी तू विहारातून परत आलीस, गेटपाशी ब्रेक दाबलास, आणि तो गॅलरीत माझ्या शेजारी दचकला. वर आल्यावर त्याने तुला विचारलं, आई, एवढा आवाज येतो, तुला ऐकू येत नाही का? तू म्हणालीस, येतो की, थोडा येतो, ही आहे ना, आम्ही दोघी बघतोय. आणि माझ्याकडे बघितलंस. ती नजर मला समजली. तू मला सांभाळून घे म्हणत होतीस. मी नेहमीसारखी गप्प राहिले, आणि तू त्याचा अर्थ हो असा घेतलास.

दादाने मला जिन्यात थांबवलं. म्हणाला, तू रोज तिच्याबरोबर असतेस, मला खरं सांग. मी सांगितलं. टेम्पोचं सांगितलं, तीन हॉर्नचं सांगितलं. मला आठवत नाही मी आयुष्यात कोणाशी एवढं सलग बोलले होते. फक्त तेलाच्या फडक्याचं तेवढं सांगितलं नाही.

तो रागावला नाही. घाबरला. खाली जाऊन त्याने सायकलच्या बॅटरीचं कुलूप काढलं, बॅटरी टॉवेलमध्ये गुंडाळली आणि बॅगेत भरून पुण्याला घेऊन गेला. त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे आले. तू दारातच उभी होतीस. आत ये म्हणाली नाहीस.

“मुके,” तू म्हणालीस, “बोलायला शिकलीस ती माझ्याच विरुद्ध?”

मी म्हणाले, मावशी, हॉर्न आला होता. पण मी ते एवढ्या हळू म्हणाले की ते तुला ऐकूच गेलं नसणार.

पुढच्या फेरीत दादाने तुला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, मशीन घेतलं. तू ते दोन दिवस लावलंस. भांडी डोक्यात आपटतात म्हणालीस आणि डब्यात घालून ठेवलंस. तू बोनकोड्याला दोनदा चालत गेलीस. तिसऱ्यांदा अर्ध्या रस्त्यातून परत आलीस, गुडघा सुजून. मी स्कूटीवर सोडते म्हणून आईकरवी निरोप पाठवला. तू आईला सांगितलंस, मला कोणाच्या मागे बसायची सवय नाही. दर रविवारी मी डबा घेऊन यायचे. तू दार उघडून डबा घ्यायचीस. त्या चार महिन्यांत तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस: “आईला सांग, वरण आळणी होतं.” मी तेवढ्यावर आठवडाभर खूश होते.

मला वाटायचं, तुझा राग उतरेल. तुझा राग असाच असतो, आईशी तू एकदा दीड वर्ष बोलली नव्हतीस. आपल्याकडे वेळ आहे, असं मी धरून चालले होते. मग एका सकाळी दुधाची पिशवी दहा वाजेपर्यंत तुझ्या कडीला लटकत राहिली. हृदय, म्हणाले. झोपेतच. त्रास झाला नसणार, असं सगळे मला सांगतात, जणू मी त्याबद्दलच विचारते आहे.

तुझं सामान आवरताना दादाला तुझ्या पिशवीत एक कंगवा मिळाला. तुझा नव्हता, त्यात पांढरे लांब केस होते. हिराबाईचा असणार, मी म्हणाले. तो म्हणाला, तू देऊन ये. एका मंगळवारी मी ऑफिसला दांडी मारली आणि चालत बोनकोड्याला गेले.

हिराबाई खिडकीजवळच्या खाटेवर टेकून बसली होती. माझ्याकडे बघून तिने डावा हात उचलला, बोटं फिरवली, छातीशी नेली, परत खाली आणली. मी कंगवा पुढे केला. तिने तो घेतला नाही. हात हलवतच राहिली. तिची सून चहा घेऊन आली, माझ्या शेजारी बसली.

“तुमच्या मावशी यायच्या ना, तवा या दोगी हातानंच बोलायच्या,” ती म्हणाली. “घंटा घंटा. हसायच्या काय, भांडायच्या काय. आमाला एक अक्षर समजाचं नाय. यांचा एकच हात चालतो, तरी पन त्यांना सगलं समजाचं. आता कुनाशी बोलतील या?”

मला वाटत होतं तू तिची वेणी घालायला जातेस.

हिराबाईला बोलता येत नव्हतं आणि तुला ऐकू येत नव्हतं, आणि लाइनवरची ती हातांची बोली दोघींजवळ शाबूत होती. दोन हातांची खूण ती एका हाताने करायची, आणि राहिलेला हात तू मनाने भरून घ्यायचीस. या गावात, या शहरात तिच्याशी बोलू शकणारी तू एकटी होतीस. आणि मे महिन्यात दोनदा चालत आलीस, त्यानंतर तू आली नव्हतीस. तू का येत नाहीस हे तिला नीट कोणी सांगितलंही नव्हतं.

सून भांडी घासायला मोरीत गेली. मी खाटेच्या कडेला बसले आणि हिराबाईला सगळं सांगितलं. कसं सुरू झालं ते मला ठाऊक नाही. तेलाचं फडकं, ‘छान’, टेम्पो, जिना, टॉवेलमध्ये गुंडाळलेली बॅटरी. तुला जे तोंडावर सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही, आणि तुझ्या पाठीमागे जे सांगितलं त्याने तिचं माणूस तोडलं. मी म्हणाले, मी सांगितलं नसतं तर ती येत राहिली असती. मग म्हणाले, पण टेम्पो खरंच आला होता. मग परत पहिलं वाक्य म्हणाले. दोन्ही खरं आहे, मावशी. मला यातलं एकही टाकता येत नाही. पुन्हा तसाच जिना आला तर मी दादाला पुन्हा सांगेन असं मला वाटतं, आणि तरीही तुझ्या दारात उभं राहायची मला लाज वाटेल.

हिराबाई ऐकत होती. तिने मध्ये एकदाही हात उचलला नाही. माझं संपलं. मग तिने डावा हात पुढे आणला. पंजा उघडा, अंगठा आत मुडपलेला. तो छातीवर दोनदा टेकवला, मग पालथा केला आणि माझ्या दिशेने सावकाश खाली ढकलला. उजवा हात मांडीवर पडलेला होता. त्या खुणेत उजवा हात कुठेतरी असायला हवा होता. वर की खाली, उघडा की मिटलेला, त्यावरच सगळा अर्थ असणार, हे मला दिसत होतं.

सून दारातून म्हणाली, पानी मागतात वाटतं. मी पाणी दिलं. तिने भांडं बाजूला सारलं आणि तीच खूण परत केली. या वेळी आणखी सावकाश, मंद मुलाला समजावतात तशी, माझ्या डोळ्यांत बघत.

मी कळल्यासारखी मान हलवली.

तिला कळलं, की मला कळलेलं नाही. तिने हात खाली घेतला.

त्या दिवसापासून मी रोज ऑफिसच्या आधी तिच्याकडे जाते. मला आता चहा समजतो, ऊन समजतं, सुनेबद्दलची तक्रार समजते. तुझ्याबद्दल ती काहीतरी सांगते तेही ओळखू येतं, कारण तेव्हा तिचा हात जोरात चालतो आणि ती हसते. ती एक खूण मात्र तिने परत केलेली नाही. तू मला माफ केलंस असं ती सांगत होती, की तिने स्वतः केलं नाही असं, की यातलं काहीच नव्हतं, हे सांगू शकणारं आता कोणी नाही. कदाचित मी आणखी शिकले तर मला ती वाचता येईल. तिला ऐकू येतं. मी नुसतं तोंडाने विचारलं, तरी ती मला पुन्हा करून दाखवेल.

रोज जाते आणि विचारत नाही.